पत्रा बदलायचाय? मग आधी कडा आणि भिंत बघा

"आप्पा, पत्रा कितला गेजना टाकू?" अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच, कितव्या गेजचा म्हणजे किती जाडीचा पत्रा टाकू. मी उलट विचारतो, जुना पत्रा गेला कसा? गंजला, गळतोय की उडाला? गंजून चाळण झाली असेल तर बदलण्यावाचून इलाज नाही. गळत असेल तर आधी वर चढून बघा. पुष्कळदा पत्रा ठणठणीत असतो, स्क्रूखालचे रबरी वॉशर तेवढे उन्हाने वाळून फुटलेले असतात. ते बदलले की काम भागतं, आणि असं काम मी आनंदाने करतो, जरी त्यात मला फार काही सुटत नसलं तरी. उडाला असेल तर मात्र पत्र्याच्या जाडीवर बोलून उपयोग नाही.

मे-जूनमध्ये रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करणारं वादळच आपले पत्रेही नेतं. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. ही ओढ सगळ्यात जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असते. त्यात वाऱ्याच्या तोंडचं दार उघडं राहिलं, की आत शिरलेली हवा खालून ढकलते. म्हणून पत्र्यावर दगड, टायर, वाळूची पोती ठेवणं मला पटत नाही. पत्रा उचलला गेला की ते दगड खाली माणसांवरच येतात.

खरी मेख भिंतीत असते. जुन्या घरांत आडवे पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले आणि वर दोन विटा ठेवलेल्या दिसतात. पत्रा पाइपाला घट्ट, पाइप मात्र भिंतीवर मोकळा. मग अख्खा सांगाडाच पत्र्यांसकट शेजारच्या वावरात सापडतो. भिंतीच्या माथ्यावर सिमेंट-काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या, त्यात सळया किंवा अँकर बोल्ट आधीच सोडा आणि कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) किंवा पाइप त्यांनाच पक्के करा. भिंत मातीची असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. कोपऱ्यांना जमिनीतून लोखंडी खांब उभे करून भार त्यांच्यावर घ्या. हा खर्च दिसत नाही, म्हणून लोक तोच कापतात. माझ्या मते पैसे कमी पडत असतील तर रंगीत पत्र्याऐवजी साधा घ्या, पण हा पट्टा सोडू नका.

आडव्या पाइपांमधलं अंतर चार-साडेचार फूट ठेवा, वळचणीजवळ आणि आढ्याजवळ तीन फूट. मधल्या भागात एक पन्हळ सोडून एक स्क्रू चालेल, कडेच्या पाइपावर मात्र प्रत्येक उंचवट्याला हवा.

आता गेज. गेज विचारूच नका, मिलिमीटर विचारा. एकाच गेजच्या नावाखाली वेगवेगळ्या जाडीचा माल खपतो. घरासाठी मी ०.५० मिमी सांगतो. त्यातही ही जाडी लेपासकट की नुसत्या पोलादाची, ते विचारा. पत्र्याच्या मागे कंपनीचं नाव, जाडी आणि लेप छापलेला असतो, तो वाचा. शंका आली तर काट्यावर ठेवा. चार फुटी कॉइलचा, म्हणजे पन्हळी पाडण्याआधी चार फूट रुंद असलेला, दहा फुटी पत्रा ०.५० चा असेल तर साडेतेरा-चौदा किलोच्या आसपास भरतो. अकराच्या जवळ आला तर तो ०.४० चा समजा. लेप दोन प्रकारचे: साधा जस्ताचा, आणि ५५ टक्के अ‍ॅल्युमिनिअम व उरलेलं बहुतेक जस्त असलेला, ज्याला आपण गॅल्व्हल्यूम म्हणतो. दुसरा जास्त टिकतो. मागे 'एझेड १५०' लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. मात्र ओला चुना-सिमेंट त्याला खातं, म्हणून गिलाव्याचे शिंतोडे लगेच पुसा. गोठ्यावर टाकायचा असेल तर शेण-मुताच्या वाफेने कुठलाच लेप फार काळ टिकत नाही. तिथे जुनाच पत्रा वापरा.

रंगाबद्दल माझं भांडण ठरलेलं. सगळ्यांना निळा नाहीतर विटकरी हवा असतो. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पांढरा किंवा फिकट रंग घ्या. बिनरंगी चकचकीत पत्राही ऊन परतवतो खरा, पण शोषलेली उष्णता पटकन सोडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगापुढे तो कमीच. नुसत्या रंगावर थांबू नका. छप्पर वळचणीला तरी दहा फूट उंच धरा, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतीत वर जाळी सोडा आणि खाली छत लावायचं असेल तर मधे हवेची पोकळी ठेवा. चमकता फॉइल पत्र्याला चिकटवून उपयोग नाही, त्यालाही पोकळी लागते. हात सैल असेल तर पफचे पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले, घ्या. जानेवारीच्या थंडीत पत्र्याखालून पहाटे थेंब टपकतात, तेही त्याने थांबतात.

बसवताना उतार दहा फुटांना दीड-दोन फूट ठेवा. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करा. पश्चिमेचा पत्रा पूर्वेच्या पत्र्यावर चढला पाहिजे. लांबीत जोड असेल तर वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढवा, उतार कमी असेल तर आठ-नऊ. स्क्रू उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. वॉशर जरासा फुगेपर्यंतच आवळा. कारागीर जोरात दाबतात आणि रबर पहिल्या उन्हाळ्यातच चिरतं. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका, ठिणग्यांनी लेप जळतो. कात्री वापरा आणि ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून टाका, नाहीतर त्याच कणांपासून गंज धरतो.

काम होळीनंतर लगेच काढा. अखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) थांबलात तर ऊन, मजुरांची टंचाई आणि वळीव तिन्ही एकदम येतात. एका बाजूचाच पत्रा काढा, ती झाकली की दुसरी. सकाळी सहाला सुरुवात. दहा-अकरानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. वर चालताना पाय पाइपाच्या रेषेवरच ठेवा. चढण्याआधी वायरमनकडून वरची तार बंद करून घ्या, आणि नवं छप्पर झालं की त्याला अर्थिंग द्या, कारण तार घासून पत्र्यात वीज उतरली तर सगळं घरच धोक्यात येतं.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते फोडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारा, बोल्ट खोलून अख्खा पत्रा उतरवा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना तेवढा दिवस मामाकडे पाठवा.