आपल्यापेक्षा सीनियर मास्तर कामावर ठेवताना

छोट्या बुटीकमधे पहिलाच माणूस ठेवताय आणि तो आपल्यापेक्षा दुप्पट अनुभवाचा कटिंग मास्तर असेल तर आधी आठवडाभर ट्रायल घ्या, पण ट्रायलचे पैसे द्यायचेच हं. पगार, सुट्ट्या, उचल किती द्यायची न कशी कापायची, सगळं कागदावर घ्या, दोघांच्या सह्या. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) साधारण १० माणसांपासून, पीएफ २० पासून लागतो, त्यामुळे एका माणसासाठी ते टेन्शन नाही. मी पहिल्याच दिवशी मास्तरांना ब्लाऊजचा मुंढा कसा काढायचा ते शिकवायला गेले, त्यांनी कात्री गुपचूप टेबलावर ठेवली न चहाला गेले ते तासाभराने उगवले. आता मी फक्त माप आणि डिलिव्हरीची तारीख सांगते, कापायचं कसं ते त्यांचं ते बघतात.