जेईईच्या अभ्यासात सीईटी आपोआप होत नाही

‘तुम्ही जेईई करा, सीईटी आपोआप होईल,’ हे वाक्य ठाण्यातल्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत कुठल्याही क्लासमध्ये प्रवेशाची चौकशी करताना सर्रास ऐकायला मिळते. जेईई ही अभियांत्रिकी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, तर सीईटी (एमएचटी-सीईटी) महाराष्ट्र राज्याची. बारावीची बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. त्यानंतर मी सीईटीची पहिली पूर्ण वेळेची सराव परीक्षा दिली. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा भाग वेळ संपताच बंद झाला, तेव्हा कितीतरी प्रश्न मी उघडूनसुद्धा पाहिलेले नव्हते, आणि नंतर पाहिले तर त्यांतले बरेच मला येत होते. ते आठवले की अजूनही मन खट्टू होते. म्हणूनच हा एकच मुद्दा मी इथे पुरेसा विस्ताराने मांडणार आहे. वेळापत्रक, टिपणे आणि उजळणी यांविषयी तुम्हाला इतरत्र पुष्कळ वाचायला मिळेल.

जेईई मेनच्या पेपरला तीन तास आणि 75 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 2 मिनिटे 24 सेकंद मिळतात. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटालाही एकूण तीनच तास असतात, पण तिथे प्रश्न 150 असतात आणि ते तीन तास सलग आपल्या हातात नसतात. पहिल्या 90 मिनिटांत भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 प्रश्न सोडवायचे असतात. तो भाग बंद झाला की पुढची 90 मिनिटे गणिताच्या 50 प्रश्नांसाठी असतात. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाच्या वाट्याला 54 सेकंद येतात आणि गणितात 1 मिनिट 48 सेकंद. गणितात वेळ उरला तरी रसायनशास्त्राकडे परत जाता येत नाही. पहिल्या भागात प्रत्येक प्रश्नाला 1 गुण आणि गणितात 2 गुण असल्यामुळे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात, तर जेईई मेनमध्ये तिन्ही विषयांना सारखेच 100 गुण आहेत. चुकीच्या उत्तराबद्दल जेईईत 1 गुण कापला जातो, सीईटीत काहीच कापले जात नाही.

ही आकडेवारी माहितीपत्रकात सर्वांनी वाचलेली असते. तिचा आपल्या सवयींवर काय परिणाम होतो, याचा विचार मात्र फार थोडे विद्यार्थी करतात. जेईईचा अभ्यास आपल्याला तीन चांगल्या सवयी लावतो: प्रश्नावर थांबून विचार करणे, उत्तर आले की ते एकदा पडताळून पाहणे, आणि शंका असेल तर प्रश्न सोडून देणे. जिथे चुकीला दंड आहे आणि प्रश्नामागे दोन मिनिटांहून अधिक वेळ आहे, तिथे या तिन्ही सवयी योग्यच आहेत. सीईटीच्या पहिल्या 90 मिनिटांत मात्र याच सवयी गुण घालवतात. पडताळणीला प्रत्येक प्रश्नामागे 20 सेकंद दिले, तरी 100 प्रश्नांत 33 मिनिटांहून अधिक वेळ जातो, आणि हातात असतात 90. शंका आली म्हणून कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे तर हाताने सोडलेला गुण, कारण चार पर्यायांपैकी दोन निश्चित चूक आहेत असे कळले तरी उरलेल्या दोहोंतला एक निवडण्यात तोटा काहीच नसतो. गणितात 20 प्रश्न कोरे राहिले आणि ते सगळे केवळ अंदाजाने भरले, तरी संभाव्यतेच्या साध्या नियमानुसार सरासरी 5 बरोबर येतात, म्हणजे 10 गुण. अंदाजावर विसंबून राहावे असे मी मुळीच म्हणत नाही, पण सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे.

या सवयी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बदलत नाहीत. ‘आता फक्त वेगाने सोडवायचे’ असे मनाशी ठरवून वेग येत नाही. तो दर आठवड्याला घड्याळ लावून कमवावा लागतो. मी सीईटीकडे वळले तेव्हा जेईई मेनचे एप्रिलचे सत्र नुकतेच संपले होते आणि हातात फार थोडा अवधी उरला होता. माझे म्हणणे ऐकायचे असेल, तर बारावीच्या दिवाळीनंतर आठवड्यातील एक सकाळ केवळ सीईटीच्या पद्धतीच्या पेपरसाठी राखून ठेवा. क्लासमध्ये कोणी काहीही सांगो, ती सकाळ जेईईच्या कोणत्याही चाचणीसाठी देऊ नका.

दुसरा भाग अभ्यासक्रमाचा आहे. सीईटी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली असते आणि तिच्यात सुमारे 20 टक्के भर अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर, तर 80 टक्के बारावीवर असतो. जेईई मेनचा अभ्यासक्रम 2024 मध्ये कमी करण्यात आला, तेव्हा सॉलिड स्टेट, पॉलिमर, मॅथेमॅटिकल रीझनिंग आणि बायनोमिअल डिस्ट्रिब्यूशन हे भाग त्यातून वगळले गेले. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकांत सॉलिड स्टेट हे रसायनशास्त्राचे आणि मॅथेमॅटिकल लॉजिक हे गणिताचे अगदी पहिले प्रकरण आहे. शिवाय पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री व नॅनोकेमिस्ट्री, लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि बायनोमिअल डिस्ट्रिब्यूशन ही प्रकरणेही आहेत. जेईईच्या तुकडीत ही प्रकरणे घाईघाईने उरकली जातात किंवा ‘स्वतः वाचा’ म्हणून सोडून दिली जातात. वास्तविक सीईटीत वेळ वाचवून देणारे प्रश्न इथेच सापडतात. ‘p असेल तर q’ या विधानाचा नकार ‘p आहे आणि q नाही’ असा होतो, हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला त्यावरच्या प्रश्नाला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्या प्रश्नाचे गुण मात्र इंटिग्रेशनच्या दीर्घ प्रश्नाइतकेच, म्हणजे 2 असतात.

म्हणून बालभारतीची पुस्तके विकत घ्या आणि ती खरोखर वाचा. रसायनशास्त्राच्या बाबतीत मी हे ठामपणे सांगते: ओळ न् ओळ, तक्ते, आकृत्यांखालचा मजकूर, चौकटीतली माहिती आणि स्वाध्याय, सर्व काही वाचा. क्लासचे जाडजूड संच त्याची जागा घेऊ शकत नाहीत. भौतिकशास्त्रात सोडवलेली उदाहरणे आणि स्वाध्यायातली गणिते करा. गणितात संकीर्ण प्रश्नसंग्रह वगळू नका, कारण तो नीट सोडवला की बोर्डाची तयारीही त्यातच होऊन जाते.

शॉर्टकटविषयी माझे मत बहुधा सर्वांना पटणार नाही. सूत्रांच्या तयार यादीवर माझा विश्वास नाही. जे सूत्र तुम्ही एकदा तरी स्वतः मांडून काढलेले नाही, ते परीक्षेत चुकीच्या जागी वापरले जाते. भरीव गोल न घसरता घरंगळत असेल, तर त्याच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी घूर्णनाचा वाटा 2/7 असतो. चकतीसाठी तो 1/3 आणि कड्यासाठी 1/2 असतो. जडत्व आघूर्णापासून सुरुवात करून हे तिन्ही वाटे वहीत काढायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे दिलेला विद्यार्थी पोकळ गोलाचा प्रश्न आला तरी गोंधळत नाही, कारण वाटा कुठून येतो हे त्याला माहीत असते. यादी पाठ केलेला विद्यार्थी मात्र तिथे हमखास 2/7 लिहून मोकळा होतो. आधी सूत्र काढा, मगच ते पाठ करा, आणि मग 54 सेकंदांत वापरा. हा क्रम उलटला की शॉर्टकटचा काहीही उपयोग नाही. आकडेमोडही हातानेच करण्याची सवय ठेवा, कारण दोन्ही परीक्षांत कॅल्क्युलेटर मिळत नाही. 2 आणि 3 चे लॉगॅरिदम, 30 पर्यंतचे वर्ग आणि नेहमीच्या कोनांची त्रिकोणमितीय गुणोत्तरे तोंडावर असली पाहिजेत.

सरावाची जी पद्धत मला उशिरा का होईना उपयोगी पडली, ती अशी. पहिल्या भागात रसायनशास्त्र आधी घ्यायचे आणि 35 मिनिटांत त्याची एक फेरी पूर्ण करायची, म्हणजे भौतिकशास्त्रासाठी 45 ते 50 मिनिटे राहतात आणि अखेरची पाच-सात मिनिटे राहिलेले प्रश्न भरायला मिळतात. पहिल्या फेरीत प्रश्न वाचल्यावर मार्ग दिसला नाही, तर काहीतरी पर्याय निवडून, खूण करून पुढे जायचे. पेपर झाला की केवळ गुण मोजून थांबू नका. येत असूनही वेळेअभावी राहिलेले प्रश्न आणि मुळातच न येणारे प्रश्न यांची दोन वेगळ्या पानांवर नोंद करा. पहिल्या पानावरची गर्दी वेगाच्या सरावाने कमी होते आणि दुसऱ्या पानावरची पुस्तक उघडून. पहिल्या पानाची गर्दी पाहून जे नवीन संदर्भपुस्तक आणतात, ते आपला मौल्यवान महिना वाया घालवतात.

सराव परीक्षांच्या गुणांची मित्रांच्या गुणांशी तुलना करत बसू नका. सीईटी अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तुमची तुलना तुमच्याच सत्रातील परीक्षार्थींशी होते. पेपर कठीण गेला तर तो त्या सत्रातील सर्वांनाच कठीण गेलेला असतो, हे परीक्षागृहात स्वतःला सांगता आले पाहिजे.

क्लास निवडताना शिक्षकांच्या नावांपेक्षा अंतर पाहा. संध्याकाळी घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीहून नौपाड्याला येणे-जाणे करणारा विद्यार्थी रोज किती दमून घरी पोचतो, हे मी जवळून पाहिले आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यातील मुलांना ट्रान्स हार्बरची गाडी आहे, पण तोही वेळ आणि ताकद यांचा खर्चच आहे. घराजवळचा साधा क्लास, त्यात शंका विचारल्यावर वही पुढे ओढून समजावणारे एक सर किंवा मॅडम, आणि घरी गोंगाट असल्यास जवळची अभ्यासिका, एवढे पुरते. फलकावर झळकणाऱ्या टॉपरांच्या छायाचित्रांवरून तुमच्या तुकडीला कोण शिकवणार हे कळत नाही. मार्गदर्शक म्हणून माझ्या मते सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे एक-दोन वर्षांपूर्वी हीच परीक्षा दिलेला, तुमच्याच सोसायटीतला किंवा नात्यातला दादा किंवा ताई. त्यांना पेपरचा ताण अजून आठवत असतो आणि त्यांना तुम्हाला काही विकायचे नसते.

इंटिग्रेटेड पद्धतीच्या प्रवेशाविषयी पालकांना मुद्दाम सांगते. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचे आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचे, यात वेळ वाचतो असे दिसते. पण बोर्डात भौतिकशास्त्राच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकांशी जोडलेले असतात आणि प्रयोगशाळेत न वावरलेल्या मुलाला पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्याच सत्रात ते जड जाते. जेईईतून प्रवेश देणाऱ्या एनआयटीसारख्या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी बारावीला साधारणपणे 75 टक्के गुणांची किंवा मंडळातील अग्रगण्य 20 पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे, म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करणे कोणालाही परवडणारे नाही. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करावे. त्याला वेळ लागतो आणि निकालानंतर धावपळ करून ते वेळेत मिळेलच असे नाही.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी घाबरू नये. जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते आणि सीईटीतील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीत उपलब्ध असतात. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत असतो. अकरावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत इंग्रजी संज्ञांची एक वही केली, की ती अडचण दूर होते. माझ्या वर्गातील मराठी शाळेतून आलेल्या मुली दिवाळीपर्यंत इतरांच्या बरोबरीने पेपर सोडवत होत्या.

ज्यांचे जेईई मेनचे जानेवारीचे सत्र मनासारखे गेले नाही, त्यांच्यासाठीही मार्ग खुला आहे. एप्रिलचे सत्र असते, दोन्हींतला चांगला गुणांक धरला जातो, आणि त्यानंतरही माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून नेरूळ, वाशी, खारघर आणि ठाण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंतचे बहुतांश प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतात. जेईईत मागे पडलेल्या आणि तरीही सीईटीच्या सरावाला नेटाने बसलेल्या मैत्रिणींना हवी ती शाखा मिळालेली मी पाहिली आहे.

प्रवेशपत्र हाती आले की आधी केंद्राचा पत्ता आणि वेळ पाहा. शक्य असेल तर आधीच एकदा, त्याच वेळेला, तिथपर्यंत जाऊन या. परीक्षा रविवारी असेल, तर मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी अवश्य वाचा, कारण ठाणे-वाशी किंवा ठाणे-पनवेल गाड्या त्या वेळेत बंद असल्या तर रस्त्याने जाण्यासाठी किमान तासभर जादा हाताशी ठेवावा लागतो. पीसीएमच्या पेपरला बसल्यावर गणिताच्या भागातली अखेरची पाच मिनिटे कोणताही नवीन प्रश्न सोडवायला घेऊ नका. प्रश्नांची यादी उघडा, कोरा दिसेल तो प्रत्येक प्रश्न भरा, आणि मगच संगणकासमोरून उठा.