टायमिंग बेल्ट घरी बदलला आणि गाडी चालू होईना? आधी सेल्फ मारणं थांबवा

बेल्ट बदलून झाला, कव्हर लावलं, बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि इंजिन नुसतंच गरगर फिरतंय, पकडतच नाही. किंवा पकडलं पण सगळी गाडी थरथरतेय आणि सायलेन्सरमधून फाट फाट आवाज येतोय. असं झालं असेल तर परत सेल्फ मारू नका. "अजून एकदा बघू" असं म्हणून तर अजिबातच नाही. ढकलून स्टार्ट करायचा विचारही नको, त्याने पण इंजिन तसंच फिरतं. चावी काढून खिशात टाका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मग पुढचं वाचा. अजून काम सुरूच केलं नसेल तर उत्तमच, तुम्हाला याचा जास्त उपयोग आहे.

आधी बघा की तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन. मारुतीचं के१० किंवा ह्युंदाईचं १.२ कप्पा इंजिन असेल तर चेन आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही. सँट्रो झिंग, जुनी १.१ ची आय१०, इनोव्हाचं २.५ डिझेल, इंडिकाचं १.४ डिझेल, हे सगळे बेल्टवाले. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. आणि किलोमीटर झाले नसले तरी रबर वयाने पण कडक होतं, त्यामुळे वर्षांची मर्यादा दिली असेल तर तीही पाळायची.

चूक झाली की एवढं नुकसान का होतं, ते समजून घ्या. क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) एक फेरा मारतो आणि या दोघांना बांधून ठेवणारा एकच बेल्ट. बऱ्याच इंजिनात उघडलेला व्हॉल्व जिथपर्यंत खाली येतो तिथपर्यंत पिस्टन पण वर येतो, फक्त दोघांच्या वेळा वेगळ्या असतात म्हणून ते भेटत नाहीत. टायमिंग चुकलं की भेटतात. सेल्फ इंजिनाला मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी फिरवतो, व्हॉल्वची दांडी असते पेन्सिलपेक्षा बारीक, ती वाकायला एक फेरा पुरतो. दात चुकणं ही पण छोटी गोष्ट नाही, क्रँकच्या गिअरला २० दाते धरले तर एक दात म्हणजे १८ अंश. एका दाताने बहुतेक वेळा गाडी चालते पण पिकअप जातो, दोन-तीन दाते चुकले की व्हॉल्वचं काही खरं नाही.

माझ्या मामेभावाने सांगलीला स्वतःच्या सँट्रोचा बेल्ट बदलला, क्रँक आणि कॅमच्या गिअरवरचे दोन्ही मार्क (कंपनीच्या खुणा) जुळवले होते, फोटो पण काढले होते, तरी टायमिंग चुकलं. मार्क जुळवताना चूक नव्हतीच, चूक झाली टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोडताना. बेल्ट चढवताना ढिलाई टेन्शनरच्या बाजूला यायला पाहिजे आणि दुसरी बाजू तारेसारखी ताणलेली पाहिजे. म्हणजे क्रँकवरून सुरू करायचं, ताणलेल्या बाजूने कॅमकडे जायचं आणि शेवटी टेन्शनरखाली बेल्ट सरकवायचा. ढिलाई चुकीच्या बाजूला राहिली तर टेन्शनर सोडल्यावर तो ती ओढून घेतो आणि ओढताना कॅम दाताभराने फिरतो. आपण तर आधीच मार्क बघून मोकळे झालेलो असतो, परत कोण बघतंय.

दुसरी नेहमीची चूक मार्क बघण्याची. वरून मोबाईलचा टॉर्च मारून तिरकं बघितलं की मार्क जुळल्यासारखा दिसतो. डोळा गिअरच्या बरोबर समोर आणा, जमत नसेल तर मोबाईल आत घालून समोरून फोटो घ्या. तिसरी, क्रँक पुलीवरच्या खुणेवर विसंबणं. पुली काढल्यावर आत क्रँक गिअरवर वेगळा मार्क असतो, बेल्ट त्यावर लावायचा. जुना बेल्ट काढायच्या आधी व्हाइटनरने बेल्टवर आणि गिअरवर खुणा करून, मधले दाते मोजून नव्या बेल्टवर उतरवायची युक्ती चांगली आहे, पण जुनाच बेल्ट दात चुकवून बसवलेला असेल तर ती चूक पण उतरते, म्हणून कंपनीचे मार्क बघायचेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला दहा मिनिटं पण लागत नाहीत आणि नेमकं तेच राहून जातं. बेल्ट बसला, टेन्शनर सेट झाला की गाडी न्यूट्रलमध्ये टाका, सगळे स्पार्क प्लग काढा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दिशा इंजिन चालतं तीच, बहुतेक गाड्यांत पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे (२००३ च्या आधीची होंडा सिटी उलटी फिरते, ते लक्षात ठेवा). कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचं नाही. प्लग काढायचे कारण प्लग असताना कॉम्प्रेशनचा जोर लागतो, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून पंप मारल्यावर लागतो तसा, मऊ, आणि हळूहळू सुटणारा. प्लग नसताना तो जोर नसतो, त्यामुळे पाना कुठेही "टक" करून कडक अडला तर तो पिस्टन व्हॉल्वला टेकलाय. तिथेच थांबा, पाना थोडा मागे घ्या. हाताने अलगद टेकलेल्या व्हॉल्वला सहसा काही होत नाही, पण मोठा पाईप लावून जोर दिला तर तोही वाकेल. दोन फेरे झाल्यावर क्रँक आणि कॅम दोन्ही मार्क परत आपापल्या जागी आले पाहिजेत, "जवळपास" नाही, बरोबर जागी.

जागी आले नाहीत तर बेल्ट उतरवून परत बसवायचा, पण क्रँक आणि कॅम एकेक वाटेल तसे फिरवू नका. चार सिलिंडरच्या इंजिनात आधी क्रँक टॉपच्या मार्कपासून (पहिला पिस्टन अगदी वर असतो ती जागा) पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन सिलिंडरच्या मधोमध येतात आणि व्हॉल्वला धोका राहत नाही. मग कॅम त्याच्या मार्कवर आणा, आणि शेवटी क्रँक परत टॉपला. कॅम मार्कजवळ स्प्रिंगच्या जोराने अचानक उडी मारतो, पाना घट्ट धरून ठेवा, बोटं लांब ठेवा.

क्रँक पुलीचा बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच घट्ट करा, अंदाजाने नाही. तो ढिला राहिला तर पुली हलून आतली चावी (पुली आणि गिअर क्रँकवर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा) आणि तिची खाच खराब होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर टायमिंग आपोआप सरकतं. टेन्शनर जुनाच ठेवायचा मोह टाळा. कॅम किंवा क्रँकचा ऑइल सील ओला असेल तर तो पण आत्ताच बदला, ऑइल लागलेला बेल्ट टिकत नाही. नवा बेल्ट हाताने दुमडू नका, उलटा करून पिळू नका, आतले धागे तुटतात आणि वरून काही दिसत नाही.

ज्यांनी सेल्फ मारून झालाय त्यांनी आता काय करायचं? आधी वरच्या पद्धतीने टायमिंग बरोबर लावा आणि हाताने दोन फेरे सरळ फिरताहेत याची खात्री करा, त्यानंतरच कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं. टायमिंग चुकलेलं असताना टेस्ट केली तर सगळेच आकडे कमी येतात आणि उगाच धडकी भरते. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय येतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चारही सिलिंडर सारखे आणि बरोबर आले तर तुमचं नशीब जोरावर आहे, प्लग लावा, गाडी चालू करा. स्कॅनरमध्ये पी००१६ कोड (क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा) दिसत राहिला तर दात अजून चुकलेला असू शकतो, परत मार्क बघा. पण एखाद-दोन सिलिंडर शून्याजवळ असतील तर व्हॉल्व वाकलेत असंच धरून चला. त्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला आणून, दोन्ही व्हॉल्व बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा भरली की ऐकू येतं, थ्रॉटलकडून हिस्स आवाज आला तर इनटेकचा व्हॉल्व, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्टचा.

मग हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व असलेला भाग) उतरवावं लागतं आणि इथे माझं स्पष्ट मत आहे की हे काम घरी करू नका, गाडी टो करून न्या. हेड मशिन शॉपला जाऊ द्या, वाकलेले व्हॉल्व, गाइड (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी), व्हॉल्व सील, लॅपिंग (व्हॉल्व त्याच्या जागी घासून घट्ट बसवणं), गरज असेल तर फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), नवी हेड गॅस्केट, आणि बेल्ट पण परत नवा. फक्त वाकलेलेच व्हॉल्व बदलले तरी चालतं पण बाकीचे लेथवर फिरवून सरळ आहेत का ते तपासायला सांगा. हेड जुळल्यावर पोर्टमध्ये (हेडमधल्या हवा आत-बाहेर जायच्या वाटेत) रॉकेल किंवा पेट्रोल ओतून ठेवतात, व्हॉल्वच्या कडेने झिरपलं तर लॅपिंग नीट नाही, हे गाडीवर हेड चढायच्या आधी स्वतः उभं राहून बघा. आणि जुने वाकलेले व्हॉल्व परत मागून घ्या, बिलात किती लावलेत आणि खरे किती बदललेत ते तिथेच मोजता येतं.