बुलेटच्या चिमट्याशेजारी चामडी बॅग बसवताना या चुका टाळा

मागच्या चाकाशेजारची तिकोनी चामडी बॅग खरी शोभते ती हार्ले-डेव्हिडसनच्या सॉफ्टेलसारख्या गाडीवर. १९८४ सालापासून येणाऱ्या या गाड्यांचे शॉकअप बाहेरून दिसत नाहीत, आणि स्विंगआर्म, म्हणजे आपल्या गॅरेजमधला चिमटा, स्वतःच त्रिकोणी असतो. बॅग त्या त्रिकोणाला बांधली की ती चाकाबरोबर वरखाली होते आणि तिचे काही बिघडत नाही. बुलेट किंवा क्लासिक ३५० चा चिमटा मात्र सरळ असतो. सीटखाली जो तिकोन दिसतो त्याची वरची बाजू चेसिसची, मागची शॉकअपची आणि खालची चिमट्याची असते. म्हणजे तिन्हींपैकी एकच बाजू जागची हलत नाही. ऑनलाइन मागवलेली बॅग या जागेत दिसायला चपखल बसते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वरचा पट्टा चेसिसला आणि खालचा चिमट्याला बांधणे. गाडी स्टँडवर असताना सारे घट्ट आणि नीटनेटके दिसते. परंतु खड्डा आला की चिमटा वर येतो, पट्टे सैल पडतात, आणि पुढच्याच क्षणी चाक खाली जाताना त्यांना हिसका बसतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नसल्यामुळे आपले फिरणे जुन्या रस्त्यांवरून, आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या फाट्यांवरूनच होते. तेथे असे हिसके सतत बसत राहिले की पट्ट्याची गोल भोके लांबट होतात आणि शेवटी रिव्हेट चामड्यातून उपटून येतो. काही जण तिसरा पट्टा शॉकअपच्या स्प्रिंगमधून ओवतात. तसे कधीही करू नये, कारण दबणारी स्प्रिंग पट्टा चिरडते आणि अडकलेला पट्टा शॉकअपच्या हालचालीत येतो.

यावर उपाय एकच आहे: बॅग पूर्णपणे चेसिसला बांधावी, किंवा पूर्णपणे चिमट्याला. बुलेटसाठी पहिला पर्याय बरा. फॅब्रिकेशनवाल्याकडून साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून घ्यावे, ते कॅरिअरच्या आणि मागच्या फूटरेस्टच्या बोल्टवर बसवावे आणि बॅग त्या ब्रॅकेटवर कसावी. चिमट्याला भोक पाडू नये, वेल्डिंगचा टाकाही मारू नये. पाचशे रुपयांच्या सोयीसाठी गाडीचा भार पेलणारा भाग कमजोर करण्यात शहाणपण नाही.

बॅग चेसिसला बांधली तर चाक, चेन आणि चिमटा तिच्या दिशेने वर येणार, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. त्यामुळे अंतर मेन स्टँडवर मोजून उपयोग नाही, कारण तेव्हा चाक खाली लोंबत असते. गाडी स्टँडवरून काढून दोन माणसे बसवावीत, तिला दोन-चार वेळा जोरात दाबावे आणि तिसऱ्याने खाली बसून बॅगेच्या मागच्या बाजूकडे पाहावे. याहून खात्रीची पद्धत अशी की मेकॅनिककडून दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून घ्यावेत आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक जिथवर येईल तिथवर ते हाताने उचलून पाहावे. बॅगेचा खालचा कोपरा कुठे टेकतो ते तेव्हा नेमके कळते. ही तपासणी सामान भरलेल्या बॅगेनिशी करावी, कारण पाने आणि पकड भरली की बॅगेचे पोट आतल्या बाजूला फुगते.

आता बाजू कोणती निवडावी? क्लासिक ३५० ला उजवीकडे सायलेन्सर आहे आणि डावीकडे चेन. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसू लागते, आणि सायलेन्सर त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे पावसात भिजलेली बॅग उजवीकडे लवकर खराब होते. डावी बाजू बरी, पण तिथे साडी गार्ड असतो आणि बॅगेसाठी तो काढून टाकण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक आहे. नियम बाजूला ठेवला तरी मागे बसणाऱ्या आईचा किंवा बायकोचा पदर आणि फिरती चेन यांच्यामध्ये चामड्याची बॅग पुरेशी नाही. गार्ड ठेवूनच बॅग बसत असेल तर बसवावी, नाहीतर हौस कॅरिअरच्या बॅगेवर भागवावी.

पट्टा ओढण्यापूर्वी चिमट्यावरून जाणारा मागच्या ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर बोटाने चाचपून पाहावी. यांपैकी काहीही पट्ट्याखाली दबता कामा नये. चेन ताणण्याचे नटही झाकले जाऊ नयेत, नाहीतर दर वेळी बॅग उतरवण्याचा कंटाळा येतो आणि चेन सैलच राहते.

पावसाळ्यात काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच आहे. परभणी-हिंगोलीकडच्या शेतरस्त्यावर टायरला चढलेली चिकण माती मडगार्ड आणि बॅग यांच्यामधल्या फटीत ठासून भरते आणि वाळल्यावर चामडे खरवडते. ती ओली असतानाच काडीने काढावी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पाणी शिलाईतून आत शिरते. भिजलेल्या बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे भरून ती सावलीत वाळवावी. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा चामडे कोरडे पडून तडकते, म्हणून त्याआधी तेल द्यावे, पण बेतानेच, कारण तेल जास्त मुरले की पट्टे ताणले जातात.

बसवल्यानंतर आठवडाभराने बॅग सोडून तिची पाठ पाहावी. गुळगुळीत, चकाकता काळा पट्टा दिसला तर टायर घासतो आहे. तेलाच्या ठिपक्यांची ओळ चेनकडून आलेली असते. एक कोपरा कडक होऊन मुडपला असेल तर तिथे उष्णता पोहोचते आहे. फक्त कुरकुर ऐकू येत असेल आणि खूण कुठेच नसेल, तर बक्कल ब्रॅकेटवर घासत असते. तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की आवाज थांबतो.