इंग्रजी क्रियापद लिहून घ्या, पण त्याच्या साच्यासकट

क्रियापदाचा अर्थ पाठ असूनही वाक्य चुकतं, कारण त्याच्यापुढे काय जोडायचं हे आपण मराठीवरून ठरवतो. मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. कुणाशी तरी लग्न होतं, म्हणून ‘मॅरी विथ’. इंग्रजीत दोन्हीकडे थेट कर्म येतं: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. उलट आपण गाणं नुसतं ऐकतो, इंग्रजीत मात्र ‘लिसन टू द साँग’.

घोळ वाढतो तो नामांमुळे. ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हे नाम म्हणून बरोबर, पण क्रियापद केलं की ‘फॉर’ गळतो: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर टू डेज’. ‘डिस्कशन अबाउट’ आणि ‘डिस्कस’, ‘एन्ट्री इंटू द हॉल’ आणि ‘एन्टर द हॉल’ या जोड्याही तशाच. ऑफिसच्या ईमेलमध्ये अशा चुका सापडतात.

म्हणून वहीत ‘डिपेंड म्हणजे अवलंबून असणे’ एवढंच न लिहिता ‘डिपेंड ऑन समवन, ऑन समथिंग’ असा अख्खा साचा लिहा आणि खाली स्वतःचं एक वाक्य. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत हा साचा दिलेला असतो. ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली टोकियोत काढलेल्या कोशापासून अशी माहिती देण्याची पद्धत रुजली. आपण अर्थ पाहून पान मिटतो, हेच नुकसानीचं.

माणूस कुठे बसतो तेही पाहा. ‘टेल’ला माणूस लगेच लागतो: ‘ही टोल्ड मी दॅट…’. ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ला तो ‘टू’शिवाय चालत नाही, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ चूक, ‘एक्स्प्लेन इट टू मी’ बरोबर. ‘सजेस्ट’नंतर ‘टू गो’ येत नाही. ‘ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट वी गो बाय ट्रेन’ म्हणा. ‘त्यानं यावं असं मला वाटतं’ हे डोक्यात ठेवून ‘आय वाँट दॅट ही शुड कम’ निघतं. ‘वाँट’ला ‘दॅट’ चालत नाही, ‘आय वाँट हिम टू कम’ हवं.

‘टू’पुढे मूळ क्रियापद की ‘आयएनजी’, हे ठरवायला त्या जागी एक नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतं, म्हणजे तो ‘टू’ शब्दयोगी. मग ‘टू मीटिंग यू’. ‘आय वाँट टू द ट्रिप’ जमत नाही, तिथे ‘टू मीट’.

काही क्रियापदांत दोन्ही चालतात, पण अर्थ फिरतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सिगारेट सोडली. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे सिगारेट ओढायला थांबला. ‘रिमेंबर टू लॉक’मध्ये कुलूप अजून लावायचंय, ‘रिमेंबर लॉकिंग’मध्ये लावल्याचं आठवतंय.

‘मेक’ आणि ‘लेट’नंतर ‘टू’ येत नाही: ‘शी मेड मी वेट’. कर्मणी केलं की मात्र ‘मेक’सोबत तो परततो: ‘आय वॉज मेड टू वेट’.