केमिस्ट्री मेजर आहे? मग मायनर जिऑलॉजी घेऊन बघा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात कोळसा आहे, चुनखडी आहे, काळ्या पाषाणातल्या विहिरी आहेत. तरी मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीचा दुय्यम विषय, निवडताना पोरं एवढंच विचारतात, "ताई, सोपा कोणता?" मी म्हणते, जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र घ्या. मी बीएस्सीला केमिस्ट्रीसोबत तीच घेतली होती, तेव्हा मायनर हा शब्द नव्हता. आज कोळसा तपासणीच्या लॅबमध्ये ती रोज कामी येते.

कोळशाचा भुगा 212 मायक्रॉनच्या चाळणीतून काढून 815 अंश सेल्सिअसवर जाळला की राख उरते. राख वाढली की उष्मांक उतरतो, ग्रेड घसरतो, भाव पडतो. आकडा कोणीही लिहील. पण नमुन्यात थरांमधली शेल (गाळाचा पापुद्र्यांचा दगड) आली का, की नदीनं वाहून आणलेली माती मुळातच कोळशात मिसळलेली आहे, हे कळायला हा कोळसा ज्यांत सापडतो ते गोंडवाना खडक शिकलेले असावे लागतात.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा: खडक बघायचे मायक्रोस्कोप चालू आहेत का, आणि फील्डवर नेतात का. फील्ड नसेल तर मजा नाही. स्फटिकशास्त्र सुरुवातीला जड जातं, घाबरू नका, हातात नमुने घेऊन शिका. लोहखनिज हेमेटाइट बिन-चकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासलं तर तांबूस रेघ उठते, मॅंगनीजचं पायरोलुसाइट काळी रेघ काढतं.

गावात नवी विहीर खोदत असतील तर वही घेऊन जा. वर माती, मग मुरूम, पुढे पांढऱ्या झिओलाइट खनिजानं भरलेल्या भोकांचा दगड, कुठे अखंड काळा पाषाण. पाणी कोणत्या थराला लागलं ते खोदणाऱ्यांना विचारा, खोलीसकट लिहा.

नोकरीचं स्पष्ट सांगते: नुसत्या मायनरवर जिऑलॉजिस्ट होता येत नाही. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत त्या पदाला जिऑलॉजीतली किंवा तत्सम विषयातली मास्टर्स लागते. पण त्याच परीक्षेत केमिस्टचीही पदं असतात, तिथे एमएस्सी केमिस्ट्री चालते. फिजिक्सवाल्यांना जिओफिजिक्सची वाट आहे. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा कंपनी), मॉइल (मॅंगनीज खाणींची कंपनी), भारतीय खाण ब्यूरो, तिघांचीही मुख्यालयं नागपुरातच आहेत, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. आणि पुढे एमएस्सी जिऑलॉजीच करायची असेल, तर मायनरवर प्रवेश मिळतो का हे विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी लेखी घ्या.