घरी बांधलेल्या विमानासाठी रिडक्शन ड्राइव्ह निवडताना

रिडक्शन ड्राइव्ह म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करून प्रोपेलर फिरवणारी गिअरची किंवा बेल्टची जोडणी. गाडीचं इंजिन विमानाला बसवायचं ठरलं की सगळे आधी तिच्या गिअर रेशोबद्दल विचारतात. तो भाग सर्वांत सोपा आहे. १.७५ मीटर व्यासाच्या प्रोपेलरची टोकं २५०० आरपीएमला सेकंदाला २२९ मीटर वेगाने जातात. तोच प्रोपेलर ५५०० ला थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवर, फिरवला तर ५०४ मीटर, म्हणजे ध्वनीच्याही पुढे. टोकाचा वेग ध्वनीच्या ०.८ पटीखाली ठेवायचा, आणि हिशोब थंडीचा धरायचा: ८ अंशांना ध्वनीचा वेग ३३६ मीटर, ४० अंशांना ३५५. नाशिकजवळच्या निफाडकडची जानेवारीतली पहाट इथे जास्त कडक परीक्षा घेते.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. ४० अंशांत इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा १४ टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. जमिनीपासून अंतर सुटत असेल तर मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलर घ्या.

आता खरी गोष्ट. ड्राइव्ह मोडतात ते सरासरी टॉर्कने नव्हे, पिळाच्या कंपनाने. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन धक्के देतं. १४०० च्या आयडलला, म्हणजे इंजिन मोकळं सावकाश फिरताना, सेकंदाला ४७. तीन सिलिंडरचं दीडच देतं, म्हणजे ३५. क्रँक, शाफ्ट आणि प्रोपेलर मिळून पीळ खाण्याची स्वतःची वारंवारता असते. ती आयडलच्या धक्क्यांच्या या आकड्याच्या दोन तृतीयांशाखाली आणावी लागते. त्यासाठी फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि पिनियन (लहान गिअर) यांच्यामध्ये रबर कपलिंग किंवा स्प्रिंग डॅम्पर घाला. वजन वाचवायला फ्लायव्हील काढून टाकलं की हा सगळा हिशोब बदलतो.

म्हणून आधी प्रोपेलर ठरवा आणि त्याचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातला बदल तो किती अडवतो ते, मोजा. तो आडवा, दोन समान उभ्या दोऱ्यांवर, मध्यापासून सारख्या अंतरावर टांगा. हलकेच वळवून सोडा, २० झोके मोजून एका झोक्याचा वेळ काढा. जडत्व आघूर्ण = (वस्तुमान × ९.८१ × मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग × वेळेचा वर्ग) भागिले (३९.५ × दोरीची लांबी). किलो आणि मीटरमध्ये काढलेल्या उत्तराला १०,००० ने गुणलं की किलो-वर्ग सेंटिमीटर मिळतात. लहान विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्सच्या बी गिअरबॉक्सची मर्यादा ३००० आहे, सी आणि ई ची ६०००. मर्यादा ओलांडणारा प्रोपेलर कितीही आवडला तरी सोडा.

बेल्ट स्वस्त आणि धक्के थोडे पचवणारा. पण ७५ एचपी ५५०० ला म्हणजे ९७ न्यूटन-मीटर. ९० मिलिमीटरच्या पुलीवर ही ओढ सुमारे २२० किलोची, वर बेल्टचा ताण वेगळा. हे वजन क्रँकच्या टोकावर लोंबू देऊ नका, पुलीच्या बाहेरच्या बाजूला दुसरं बेअरिंग हवंच.

गिअरमध्ये ४०/२० दात्यांची जोडी घेऊ नका, ४३/२० घ्या. पूर्ण दुप्पट रेशोत मोठ्या गिअरच्या त्याच दात्यांवर दरवेळी धक्का बसतो. साध्या एका जोडीने फिरण्याची दिशा उलटते, हे प्रोपेलर मागवण्याआधी तपासा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात गिअर कापून, केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं) आणि ग्राइंडिंग करून घेता येतात. ड्रॉइंगवर कडकपणाची खोली आणि शाफ्टच्या प्रत्येक खांद्याची गोलाई लिहून द्या. तीक्ष्ण कोपरा आणि की-वे (शाफ्टवरची चावीची खाच), तडा तिथूनच सुरू होतो.

पहिली चाचणी विमान घट्ट बांधून, प्रोपेलरच्या रेषेत कोणी उभं न ठेवता. आयडलला खडखड आली तर आयडल वाढवा. तरीही राहिली तर कपलिंग बदला. तासाभराने तेल काढून चुंबकी प्लग पाहा: बारीक करडा लेप चालतो, चमकणारे कण नाहीत. स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी जोडावर) तांबूस भुकटी दिसली तर जोड हलतो आहे, उड्डाण करू नका.